देवदूताच्या दाराला कडी

मी दहावीत असताना आमच्या गच्चीवरच्या खोलीत एक देवदूत भाड्याने राहत होता.

निदान माझी तशी खात्री होती. तंजावुरात तेव्हा केबल नुकतीच आली होती आणि बसस्टँडजवळच्या वाचनालयात जाडजूड इंग्रजी कादंबऱ्याही. मी वाचत होते त्या कादंबरीतले देवदूत माणसांत मिसळून राहायचे आणि ज्या घरात राहतील तिथलं एक माणूस घेऊन जायचे. त्यांना ओळखायच्या खुणाही दिल्या होत्या. पांढरी पिसं, आणि पाठीवर पंखांच्या जागी वण.

आमच्या जेकब मास्टरांच्या जिन्यात रोज पांढरी पिसं पडत. (मास्टर कॉलेजात बॅडमिंटन शिकवत आणि मोडकी शटलं खोलीतच दुरुस्त करत, हे मला ठाऊक होतं. पण पुस्तकातले देवदूतही एखादा साधा धंदा दाखवायचेच.) एकदा ते उघड्या अंगाने कपडे वाळत घालताना पाठीवर दोन चौकोनी पट्ट्या दिसल्या.

"दुखण्याच्या पट्ट्या आहेत त्या," माझी धाकटी बहीण सुगुणा म्हणाली.

"दोन्ही खांदे सारखेच कसे दुखतील?"

यावर तीही घाबरली.

तशात अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पोटाचं ऑपरेशन ठरलं. माझी झोपच उडाली.

ऑपरेशनच्या सकाळी आई अप्पांना घेऊन पुढे गेली. जाताना म्हणाली, "मास्टर मागून येतील. त्यांना कॉफी दे नि लगेच पाठव." कशाला, ते सांगितलं नाही. (पोरी घाबरतील म्हणून.)

मी कॉफी घेऊन वर गेले, मागोमाग सुगुणा. मास्टर धोतरासारखी पांढरी वेष्टी नेसून, पांढरा शर्ट घालून तयार.

"कुठं निघालात, मास्टर?"

"तुझ्या अप्पांकडेच. आज माझ्याशिवाय त्यांचं व्हायचं नाही," ते हसून म्हणाले.

मी कॉफी उंबऱ्यावर ठेवली, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

आतून धडका सुरू झाल्या. मग हाक आली, "रत्तम! रत्तम!"

रत्तम म्हणजे तमिळमध्ये रक्त. पुस्तकात हे नव्हतं. आम्ही दोघी खाली पळालो आणि देवापुढे एकमेकींना घट्ट धरून बसलो. वरचा आवाज थांबला, तेव्हा तर जास्तच भीती वाटली. हळूच अंगणात डोकावले, तो पांढरी वेष्टी दोन्ही बाजूंनी फुगलेली अशा थाटात मास्टर आभाळातून खाली येत होते.

मी डोळे मिटून किंचाळले. उघडले तर मास्टर गवताच्या गंजीशेजारी पाय धरून बसलेले.

"आटो बोलाव," ते कण्हत म्हणाले. "अप्पांचा रक्तगट कुठं मिळत नाही. माझा तोच आहे. डॉक्टर खोळंबले असतील."

आटोत त्यांना धरून बसले, तेव्हा खरी भीती काय असते ते कळलं. अप्पांना न्यायला कुणी आलंच नव्हतं. मीच त्यांना धाडायला निघाले होते.

दवाखान्याच्या दारात आई उभी होती. "एवढा उशीर?"

"जिन्यात पाय घसरला," मास्टर म्हणाले आणि लंगडत आत गेले.

संध्याकाळी अप्पांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. त्याच क्षणी सुगुणा माझ्या कानाशी कुजबुजली, "अक्का, वरच्या खिडकीचे गज मास्टरांनी उपटलेत. आईला काय सांगायचं?"

मी मोठ्याने गळा काढला.

"बापावर केवढा जीव आहे पोरीचा," नर्स म्हणाली. आईने मला पोटाशी धरलं, आणि मी आणखीच जोरात रडले.