वाटी उलटी धरणारी वहिनी

शेवटच्या दिवशी सकाळी वहिनीनं डोळे उघडले, दादाकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे काय तोंड आहे?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घराच्या पुढच्या खोलीत आम्हा दोघा भावांचं सलून आहे. पण वहिनीनं अंथरूण धरलं तेव्हापासून दादानं स्वतःच्या गालाला ब्लेड लावलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या दाढ्या करायचा आणि स्वतः अस्वलासारखा फिरायचा.

"सलूनवाल्याच्या घरात असलं ध्यान," वहिनी म्हणाली. "भाऊजी, माझी वाटी आणा. ब्रश आणा. पाणी गरम करा, आणि बादलीतलं घ्या, नळाचं नको."

मी म्हटलं, "वहिनी, तू पडून राहा, फेस मी करतो."

"तुम्ही केलात की पातळ ताक होतं. आणा म्हटलं ना."

पाठीला उशा लावून तिला बसवली. हाताला जोर नव्हता. चार वेळा ब्रश फिरवायची, थांबायची, श्वास घ्यायची, परत फिरवायची. दादा म्हणाला, "अगं राहू दे." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते तिला आयुष्यभर चांगलं जमायचं. आणि फेस आला. पांढराशुभ्र, दाट, ब्रश वर उचलला की टोक उभं राहतंय असा. मग तिनं नेहमी करायची तेच केलं. वाटी उचलून स्वतःच्या डोक्यावर उलटी धरली. दादा घाबरून पुढं झाला, "अगं, पडेल."

"पडला तर माझ्या डोक्यावर पडेल. तुमचं काय जातंय?"

नाही पडला.

मग मी तिथंच, तिच्या पलंगावर बसवून दादाची दाढी केली. तिनं दादाच्या गालावर उलटा हात फिरवून बघितला, हनुवटीखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, "भाऊजी, इथं राहिलंय." मी तेवढं परत घेतलं. "हां, आता माणसात आलात," ती दादाला म्हणाली. दुपारी झोपली ती उठलीच नाही.

वहिनीला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर म्हणायची, मी घरीच असते. म्हणून मी हे टाइप करतोय. ती काय करायची ते मी सांगतो.

मी दादाच्या हाताखाली धंद्याला लागलो तेव्हा माझा स्वतःचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. ब्लेड लागलं की पुरळ, पुरळावर परत ब्लेड की रक्त. गिऱ्हाईक आत यायचं, माझं तोंड बघायचं आणि दादाच्या खुर्चीसाठी थांबून राहायचं. माझी खुर्ची रिकामी असायची तरी. एक जण तर सरळ बोलला, "ह्याला स्वतःची दाढी जमत नाही, हा माझी काय करणार?" बोलला ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

एकदा जेवताना दादा हळूच म्हणाला, "तू दुसरं काहीतरी काम बघतोस का? मी कुणाशी तरी बोलतो." माझा घास तोंडातच राहिला. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. वहिनी ओट्याशी पाठमोरी होती. तशीच म्हणाली, "भाऊजींच्या हाताला काय झालंय? हात चांगला आहे. तुमचा साबण वाईट आहे."

दादा हसला. "साबणातलं तुला काय कळतंय? तुला दाढी आहे का?"

"दाढी नाही, भांडी आहेत. तुमच्यापेक्षा माझाच वेळ साबणात जास्त जातो."

दुसऱ्या दिवशी तिनं दाढीच्या साबणाची अख्खी वडी किसणीवर किसली. तीच किसणी, घरातली. संध्याकाळी दादानं किसलेलं गाजर खाल्लं आणि घास तसाच तोंडात धरून तिच्याकडं बघत बसला. त्यानंतर साबणाची किसणी वेगळी झाली.

त्या किसात तिनं काय काय घालून बघितलं. जवस उकळून त्याचा चिकट रस घातला, फेस गुळगुळीत झाला पण दोन दिवसांनी वाटीला वास मारायला लागला. साखर घातली, गाल चिकट. एरंडेल तेलाचा एक थेंब घातला तर ब्लेड असं सरकलं की मी खूश. मग तिला वाटलं, थेंबानं एवढं तर चमच्यानं किती. चमचाभर तेलानं फेस जागच्या जागी बसला आणि मी तळून काढल्यासारखा दिसायला लागलो. दादा म्हणाला, "ह्याला आता मीठ लावून ठेव." पण ती हसण्यावारी नेणारी नव्हती. तिला दाढी नव्हती, त्यामुळं आधी स्वतःच्या हातावर फेस लावून बसायची, किती वेळ ओला राहतोय बघत. तिथं पास झाला की माझा गाल. तिचं वाक्य ठरलेलं, "आधी आपल्या गालावर, मग लोकांच्या."

होता होता ठरलं. किसलेला साबण, थोडं ग्लिसरीन, चिमूटभर पांढरी माती वस्त्रगाळ केलेली, आणि एरंडेल फक्त बोटाच्या टोकाला लागेल तेवढं. पुरळ कमी झालं. पण फेस रोज सारखा यायचा नाही. आज आला, उद्या मेला. तिची चिडचिड व्हायची. साबण बदलला, ब्रश बदलला, काही फरक पडेना.

मग एकदा नळाला पाणी नव्हतं. शेजारी औषधाचं दुकान आहे, त्याच्या एसीची नळी बाहेर पायरीशी टपकत असते. वहिनी तिथं ब्रश धुवायला गेली आणि ब्रशातल्या उरलेल्या साबणाला असा फेस आला की हात भरला. ती तशीच फेसाचा हात घेऊन आमच्या दुकानात आली. "अहो, साबण नाही हो, पाणी. आपल्या नळाच्या पाण्यानं किटलीत पुटं चढतात, तेच पाणी फेस मारतंय."

त्या दिवसापासून तिची निळी बादली त्या नळीखाली. ते पाणी आणायचं, गाळायचं, उकळायचं, मगच वाटीत. आणि त्या दिवसापासून औषधवाल्याशी भांडण. त्याला ती कडू गोळी म्हणायची. तो म्हणायचा, "माझ्या दारात बादली कशाला? गिऱ्हाईक अडखळतंय."

"अडखळून पडलं तर मलमपट्टी तुमच्याकडूनच घेईल. धंदा तुमचाच वाढतोय."

तो पायानं बादली सरकवायचा, ती परत लावायची. वर्षानुवर्षं हेच. ग्लिसरीन मात्र त्याच्याकडूनच आणायची, आणि तो बाटली देताना म्हणायचा, "केक करता की काय ह्याचा?"

माझा गाल लख्ख झाला. वहिनी कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की वाटी घेऊन बाहेर यायची, सगळ्यांसमोर स्वतःच्या डोक्यावर उलटी धरायची, आणि एक शब्द न बोलता आत जायची. मग लोक माझ्या खुर्चीसाठी थांबायला लागले. दादाची रिकामी असली तरी. दादा म्हणायचा, "हिनं माझंच गिऱ्हाईक पळवलं," पण हे तो सगळ्यांना बोलावून बोलावून सांगायचा.

पुढं रस्त्यापलीकडं काचेचं सलून झालं, तिथं डब्यातला फेस, दाबला की बाहेर. दादा घाबरून तसला एक डबा घेऊन आला. वहिनीनं माझ्या एका गालाला डब्यातला लावला, दुसऱ्याला तिचा, आणि चहा टाकायला गेली. चहा होऊन कपात ओतेपर्यंत डब्यातला वाळून पापडी झाला होता. तिचा ओला, तसाच. दादानं गुपचूप डबा उचलला आणि कपाटावर टाकला. अजून तिथंच आहे.

ती गेल्यावर दुकान काही दिवस बंद होतं. उघडलं त्या सकाळी दादा आरशासमोर बसून राहिला, दाढी परत वाढलेली. म्हणाला, "आता डबेच आणू. तिच्यासारखं तुला जमणार नाही आणि मला बघवणार नाही."

मी म्हटलं, "एकदा करून बघू दे."

सगळं तिच्यासारखं घातलं. साबण, ग्लिसरीन, माती, बोटाचं टोक. ब्रश फिरवला, फिरवला, हात भरून आला. वाटीत ताक. मग लक्षात आलं, घरात भरून ठेवलेलं बादलीचं पाणी कधीच संपलं होतं आणि मी नळाचं घेतलं होतं. बादली लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दादानं आरशातून वाटीकडं बघितलं, फोन हातात घेतला, डबेवाल्याचा नंबर शोधायला.

तेवढ्यात दारात औषधवाला. हातात निळी बादली, काठोकाठ, वर झाकण.

"घ्या हे तुमचं. रोज भरतेय. माझ्याकडं दोन कॅन साठलेत ते वेगळेच. कुणी न्यायलाच येईना."

मी म्हटलं, "पण बादली आम्ही लावलीच नव्हती."

"पायरीशी रिकामी पडली होती, मी लावली," तो म्हणाला. "सवय झाली अडखळायची." आणि बादली उंबऱ्याशी ठेवून निघून गेला.

मी पाणी गाळलं, उकळलं. परत साबण, परत सगळं. ब्रश उचलला तर टोक उभं राहिलं. वाटी उचलली, पण डोक्यावर न्यायला हात धजेना. नुसती धरून उभा राहिलो.

दादा उठला, फोन ठेवला, आणि माझ्या हाताखाली येऊन उभा राहिला. म्हणाला, "धर."

मी त्याच्या डोक्यावर वाटी उलटी केली. तो वर बघत होता. एक टिपूस पडला नाही.

मग तो माझ्या खुर्चीत जाऊन बसला, मान मागं टाकली, डोळे मिटले.

"लाव," म्हणाला.