एक दिवस जास्तीचा

बाजारात तिला काटेवाली म्हणतात. नाव विचारलं तर निम्म्या दुकानदारांना सांगता यायचं नाही, पण वजनकाटा अडला की फोन तिलाच जातो. खांद्यावर पेटी, पेटीत पितळी वजनं, आणि प्रत्येक वजनाला मखमलीचा आपापला खळगा. ही वजनं ती हातानं उचलत नाही, चिमट्यानं उचलते. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं ती सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की बाई थापा मारतेय. काट्याच्या बाबतीत तिनं आजवर एकही थाप मारलेली नाही.

मासळीवाल्याला तिनं एकदा भर गिऱ्हाइकात जे ऐकवलं, ते बाजार अजून विसरलेला नाही. त्याचा काटा किलोमागे वीस ग्रॅम खात होता. तो म्हणाला, "बाई, चुकून झालं असेल हो." ही उकिडवी बसली होती, ती तशीच मान वर करून म्हणाली, "दादा, काटा चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. जो रोज तुमच्याच बाजूनं चुकतो, तो चुकत नसतो." तेव्हापासून तिची पेटी दिसली की बाजारातले निम्मे हात आपोआप काट्यावरून निघतात.

अशी ही कडक बाई घरी मात्र एका अकरा किलोच्या जीवापुढे शरण होती. मुलगी सव्वादोन वर्षांची. जन्मली तेव्हा इतकी चिमुकली की सगळे मुंगी म्हणायला लागले, आणि तेच चिकटलं. चिकटण्यात मुंगीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ती अजून अंगावर पीत होती. सकाळी, दुपारी आई घरी असेल तर, संध्याकाळी दारात पाऊल पडल्या पडल्या, आणि रात्री तर मोजदादच नाही. पिताना एका हातानं आईच्या शर्टाचं बटण पिळत राहायची. काटेवालीच्या एकाही शर्टाचं दुसरं बटण धड नव्हतं.

शेजारणी बोलायच्या. "अजून तोडलं नाहीस? शाळेत डब्यातून देणार आहेस का?" ती हसून सोडून द्यायची. सासूबाई मात्र तिची बाजू घ्यायच्या. "पिईल तेवढं पिऊ दे. कुणाच्या बापाचं जातंय?" असं म्हणून त्या विषय मिटवायच्या. सासूबाई साठीच्या, अंगानं स्थूल, उकाड्याला वैतागलेल्या. घरात सदा सैल गाऊन आणि त्याचं वरचं बटण कायम उघडं. पाहुणे आले तरी लावायच्या नाहीत. "माझा गळा आहे, त्यांचा नाही," म्हणायच्या.

नवरा बेकरीत भट्टीवर. पहाटे जायचा, दुपारी येऊन जेवला की असा झोपायचा की कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलायचा नाही. तेव्हा ती कामावर गेली की मुंगीला सांभाळायचं ते सासूबाईंनीच.

आणि झोप? दोन वर्षांत ती सलग तीन तास झोपली नव्हती. एकदा सोनाराच्या दुकानात नाजूक काटा जुळवताना बसल्या बसल्या तिला डुलकी लागली आणि कपाळ काचेवर आपटलं. सोनारानं पाणी दिलं. ती ते प्यायली आणि तिनं उन्हाचं कारण सांगितलं.

मग ती नोकरीला होती त्या काटेदुरुस्तीच्या कारखान्यातून निरोप आला. तिच्या म्हाताऱ्या मालकानं नवे इलेक्ट्रॉनिक काटे विकायला घेतले होते, आणि त्यांची दुरुस्ती शिकायला दुसऱ्या गावी कुणाला तरी पाठवायचं होतं. सोमवार, मंगळवार, दोन दिवसांचं ट्रेनिंग. रविवारी दुपारी निघायचं, मंगळवारी संध्याकाळच्या बसनं परत. राहायची सोय काटे बनवणाऱ्या कंपनीची.

त्या संध्याकाळी ती भांडी विसळत होती. सासूबाई पुसून लावत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "किती दिवसांचं आहे गं?"

"तीन," ती म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी येईन."

तोंडातून निघालं ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती थांबली. आता म्हणायचं होतं, की नाही हो आई, दोनच, माझं डोकं ठिकाणावर नाही. पण सासूबाई ताटली पुसत म्हणाल्या, "ये सावकाश. आम्ही आहोत ना." आणि तिनं पुढचं पातेलं उचललं.

जीभ घसरली म्हणावं, तर दुरुस्त करायला पुढे सहा दिवस होते. सहा दिवसांत सहाशे वेळा सासूबाई समोरून गेल्या. दुसऱ्याच्या काट्याला जो न्याय, तो स्वतःच्या जिभेला लावायची वेळ आली तेव्हा बाईसाहेबांना कपाटं आवरायची होती, फरशी पुसायची होती, पिशवी भरायची होती.

रविवारी मुंगी खेळात असताना निसटून जा, असं सगळ्यांनी सुचवलं. ते तिनं ऐकलं नाही. मुंगीला पोटभर पाजलं, सांगितलं, "आई कामाला चाललीय, येणार आहे." कधी ते सांगितलं नाही. मुंगीनं बटण सोडलं, हात हलवला आणि सासूबाईंच्या कडेवर जाऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं, असं तिला बसमध्ये वाटलं.

ट्रेनिंग चांगलं झालं. ती सगळ्यात पुढे बसली, सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. दर चार तासांनी बाथरूममध्ये जाऊन छाती पिळून दूध बेसिनमध्ये सोडत होती आणि नळ मोठा करत होती, म्हणजे बाहेर कुणाला वाटावं, हात धुतेय. मंगळवारी चार वाजता सगळ्यांना कागद मिळाले. बाकीचे बसस्टँडकडे पळाले. तीही त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली, मग म्हणाली, "मला इथं मावशीकडे जायचंय." या गावात तिची मावशी तर सोडाच, ओळखीचं मांजरही नव्हतं. त्याच लॉजवर परत जाऊन तिनं आणखी एका रात्रीसाठी खोली घेतली.

तिथून घरी फोन केला. "उद्या शेवटचा दिवस," ती म्हणाली.

"नीट शीक," सासूबाई म्हणाल्या. "इकडची काळजी करू नकोस. जरा किरकिर करतेय, पण मी आहे ना." मागे मुंगी रडत होती. सासूबाईंनी फोन घाईनं ठेवला, सुनेला ते ऐकू जाऊ नये म्हणून.

सहा वाजता ती पलंगावर पडली. जाग आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सोळा तास. चादर, शर्ट, उशीचा कोपरा, सगळं दुधानं भिजलेलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली झाडायला येणाऱ्या बाईच्या नजरेस पडू नये म्हणून तिनं ती चादर बाथरूममध्ये स्वतः धुतली, पिळली, खिडकीत वाळत घातली.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी ती सुखात होती. गरम जेवली, दोन्ही हातांनी जेवली. मांडीवर कुणी नव्हतं, ताटात कुणाचा हात नव्हता. मग तळ्याकाठी बाकावर बसली. एक रंगारी कठड्याला हिरवा रंग देत होता, तो किती सावकाश देतो ते ती तासभर बघत बसली. चहा घेतला. आणखी एक घेतला. सहज घड्याळ बघितलं तर तीन वाजत आलेले. बसची वेळ. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून तिला मुंगी एकदाही आठवलेली नाही. छाती दोनदा दुखली, दोनदा ती जाऊन पिळून आली, तरीही नाही. बसमध्ये ती पूर्ण वेळ उभी राहिली, बसायला जागा होती तरी.

घरी पोचली तेव्हा दिवे लागायचे होते. नवरा टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होता. सासूबाई खुर्चीत. मुंगी जमिनीवर डबे रचत होती. तिनं आईकडे बघितलं, धावत आली, पायाला मिठी मारली. काटेवालीचा जीव भांड्यात पडला. तिनं पिशवी टाकली, तिथंच खाली बसली आणि शर्टाची बटणं काढली.

मुंगीनं बघितलं. जरा विचार केला. मग वळून सासूबाईंकडे गेली, मांडीवर चढली आणि दोन्ही हात त्यांच्या गाऊनमध्ये घातले.

"आजी, दुदू."

नवरा खो खो हसला. "अगं वेडे, आजीकडे कुठलं दुदू? दुकान कधीच बंद झालंय!"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीचे हात बाहेर काढले, ताडकन उठल्या, मुंगी घसरून खाली आली. "चहा टाकते," म्हणत त्या आत गेल्या. मुंगीनं भोकाड पसरलं, मग आईकडे आली, आणि सगळं पूर्वीसारखं पिऊ लागली. बटण सापडलं, पिळायला लागली. पाच मिनिटांत झोपलीसुद्धा. तिला खाली ठेवून काटेवाली स्वयंपाकघरात गेली.

चहाचं पाणी उकळून आटत आलं होतं. सासूबाई त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा काटेवालीनं कधी असा बघितला नव्हता. गिऱ्हाइकांसमोर काटा खोटा निघालेल्या माणसाचा असतो तसा.

"तुला सांगते," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्याला सांगू नकोस. कुणालाच नको."

"काय झालं, आई?"

"सोमवारी निभावलं. काल पण निभावलं. पाठीवर घेतली, गाणी म्हटली, गच्चीत फिरवली. आज दुपारी मात्र ऐकेना. दोन तास गं. अंग टाकून द्यायची, निळी पडायची. दार दाखवायची, आई म्हणायची. तो झोपलेला." त्यांनी गॅस बंद केला. "मग माझ्या गाऊनशी झोंबायला लागली. आणि मी... घेतलं मी तिला. छातीशी. काही नाही त्यात, वाळून गेलंय सगळं. पण ती गप्प झाली. झोपली."

काटेवालीनं ओट्याची कड धरली.

"साठीची बाई मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला माझीच लाज वाटतेय. तुझ्या जागेवर हात घातल्यासारखं झालं. तुला राग येणारच. डॉक्टरांना विचारायला हवं का गं, तिला काही होईल का? दोन दिवस टिकवलं होतं मी. एक दिवस कमी असता ना, तर निभावून नेलं असतं."

किती वाजता, असं विचारायची गरज नव्हती. नवऱ्याची झोप दोन ते चार. दोनला ती दुसरा चहा घेत होती आणि रंगाऱ्याचा ब्रश बघत होती.

आता बोलायला हवं होतं. तिला ते कळत होतं. आई, ट्रेनिंग कालच संपलं. पाच शब्द नाहीत धड. तोंड उघडलं, श्वास घेतला. सासूबाई हात जोडल्यासारखे पुढे धरून उभ्या होत्या, शिक्षा ऐकायला थांबल्यासारख्या.

"जाऊ द्या, आई," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

"रागावली नाहीस?"

"नाही."

सासूबाईंनी पदर नसलेल्या गाऊनच्या बाहीनंच डोळे पुसले आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "मोठ्या मनाची आहेस गं," त्या म्हणाल्या. "दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं."

तिनं माफ केलं. ज्या गुन्ह्याची ती स्वतः धनीण होती, तो तिनं दुसऱ्याला माफ केला, आणि वर चहा घेतला. तो चहा काळा झाला होता, तरी दोघी तो पूर्ण प्यायल्या.

मुंगीनं पुढे चार-पाच महिन्यांत आपणहून सोडलं. नव्या काट्यांचं काम काटेवालीला चांगलं जमलं, मालक खूश आहे. कुणाच्या काट्यात खोट निघाली तर ती अजून दाखवते, पण चारचौघांत बोलत नाही. दुकानदाराला बाजूला घेते, आवाज खाली ठेवते. बाजाराला वाटतं, बाई वयानं निवळली.

सासूबाईंमध्येही एक बदल झाला. त्या गाऊनचं वरचं बटण लावायला लागल्या. त्या बुधवारपासून गळ्यापर्यंत बंद. मुंगी मांडीवर आली की हात आधी बटणाकडे जातो, लागलंय ना बघायला. कुणी काही म्हटलं नव्हतं. सुनेनं तर माफच केलं होतं.

परवाची गोष्ट. दुपारी उकाडा असा की भिंती तापलेल्या. सासूबाई भाजी निवडत होत्या, मानेवरून घामाच्या धारा, गाऊन पाठीला चिकटलेला. काटेवाली समोर वजनं पुसत बसली होती, मुंगी तिथंच खेळत होती. चिमट्यानं एक उचलायची, पुसायची, खळग्यात ठेवायची. ट्रेनिंग मंगळवारीच संपलं होतं, ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. रोजच असतं.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"वरचं बटण काढा ना. किती उकडतंय."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि एकदा मुंगीकडे बघून खाली मान घातली. "मला सवय झालीय."

काटेवाली उठली आणि पंखा एका नंबरानं वाढवला.