आसगावच्या राजवाड्यातलं स्वयंपाकघर

"बाई, साहेबांचं नाक थोडं लहान करा."

मुख्याध्यापकांचं हे वाक्य ऐकलं आणि मी त्याच दुपारी रजेचा अर्ज देऊन टाकला. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. म्हणजे फक्त कागदोपत्री. माझा तास आला की गणिताचे सर दारात हजर: "पोर्शन राहिलाय, तास देता का?" त्यांना तास दिला की माझ्या वाट्याला काय, तर स्वागताचे फलक, सुविचारांच्या पाट्या, पाहुण्यांच्या पायाशी रांगोळी आणि गॅदरिंगला येणाऱ्या साहेबांचं व्यक्तिचित्र. नाक लहान करा, केस दाट करा, रंग उजळा. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून मी स्वतःसाठी एक रेघ ओढली नव्हती. पूर्वी ब्रश हातात घेतला की जेवणाची आठवण राहायची नाही. आता ब्रश दिसला की डोकं दुखायचं.

तुम्ही वाचक मला मेल करून विचारता, "भंडारा जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे?" नागझिरा सांगितलं की पुढचा प्रश्न, "वाघ नक्की दिसेल ना?" या प्रश्नाचा मला राग येतो, म्हणून आज वाघ नसलेल्या सहलीबद्दल लिहिते आहे.

माझी हॉस्टेलमधली मैत्रीण कमल पवनी तालुक्यातल्या आसगावला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गाव तिचं स्वतःचंच. दिवाळीनंतर धान कापून झालं की त्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटलं की नाटक. "एकदा ये, झाडीपट्टीचं, आमच्या या जंगलपट्टीचं, नाटक पाहून जा," असं ती दरवर्षी लिहायची. त्या वर्षी गेले. नाकाची कृपा.

सकाळच्या एसटीने नागपूरहून भंडारा. तिथल्या स्टँडवर आलूबोंडा आणि चहा घेऊन पवनीची गाडी. वैनगंगेचा पूल ओलांडला की रस्ता बदलतो: दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, त्यांत लाखोरी डाळीच्या रोपांचा कोवळा हिरवा थर आणि जागोजागी धानाचे पुंजणे, छोट्या झोपड्यांसारखे रचलेले. खिडकीच्या काचा नव्हत्याच. थंडीत जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. माझ्या मागे बसलेल्या दोन बाया भांडत होत्या.

"मांगच्या साली नाटकात रानी किती रडली वो!"

"रडली नाही तं काय. तिच्या डोयात पावडर गेली होती."

"तुले सारंच मालूम!"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, असं तेव्हा वाटलं. पवनीला जुन्या दरवाजाजवळ उतरून पुढची गाडी मिळायला दुपार झाली. वेळ असेल तर पवनीत नदीचा घाट जरूर बघा. मी बघितला नाही, कारण माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसून मी मुख्याध्यापकांशी मनातल्या मनात भांडत होते.

कमलचं घर गावाच्या कडेला. पुढे सारवलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाचं चित्र, मागे बोडी, म्हणजे लहान तलाव. तिच्या आईला मी पहिल्याच दिवशी मावशी म्हणायला लागले. त्यांनी गरम भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी वाढली, आणि मी दुसऱ्यांदा भात मागितल्यावर त्या खूश झाल्या. भंडाऱ्यात हॉटेलं शोधत बसू नका. कोणाच्या तरी घरी जेवा.

मी हात धुतेय तोच अंगणात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, वर कोट, खिशाला पेन. नाट्यमंडळाचे अध्यक्ष, तुळशीरामभाऊ.

"पेंटरनं दगा देल्ला, मॅडम," ते म्हणाले. "मोठ्या गावचं काम भेटलं, तिकडं पयाला. कमलबाई सांगत होत्या का तुमी चित्रं काढता."

मी कमलकडे रागाने पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती.

"मी सुट्टीवर आले आहे," मी म्हणाले.

"एकच पडदा हाये जी. राजवाडा. असाच पायजे, असा." त्यांनी कोटातून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं. संगमरवरी खांब, कारंजं, मोर. त्याच राजवाड्याच्या खालच्या कोपऱ्यात कुठल्याशा तेलाच्या डब्याची जाहिरात होती.

मी भडकले. साठ मैलांवर पळून आले तरी नक्कलच करायची! मी म्हणाले, "राजवाडा कशाला? तुमची बोडी काढते. बगळे, मोहाची झाडं, पुंजणे. इतकं सुंदर आहे सगळं."

तुळशीरामभाऊंना ते अजिबात पटलं नाही. पण उत्तर दिलं मावशींनी. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"बोडी तं घरामांगंच हाये, बाई. रोज भांडे घासतो तिथं. नाटकात बी तेच पाहाचं का?"

"मग काय पाहायचंय?"

"राजवाडाच. पन या कागदावरचा नोको." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि ते पान हातात घेऊन नीट न्याहाळलं. "याच्यात सैपाकघर काहून नाही? राजा खाते का नाही?"

कमल हसली, तुळशीरामभाऊ हसले नाहीत. मी मात्र मावशींकडे पाहतच राहिले. मला कोणी नाक लहान करायला सांगत नव्हतं. कोणीतरी मला विचारत होतं की या जागेत माणसं राहतात कशी. कॉलेज सुटल्यापासून चित्राबद्दल मला विचारला गेलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

"कसं असावं स्वयंपाकघर?" मी विचारलं.

"उजेडाचं," मावशी लगेच म्हणाल्या. "चुलीचा धूर डोयात नाही गेला पायजे. अन् हीर घरातच. दोन घागरी डोक्शावर घेऊन राजाची बायको कोठं जाईन?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांजरपाटाचा मोठा पडदा जमिनीवर अंथरला. खळ लावून वाळवलेलं कापड, सरस घालून कालवलेले भुकटीचे रंग. गेरू, पिवडी, नीळ, काजळी. सरसाचा वास काही चांगला नसतो, पण तो नाकात गेला आणि मला माझं विसावं वर्ष आठवलं. वर खांब आणि कमानी घातल्या, तुळशीरामभाऊंसाठी एक मोरसुद्धा. आणि डावीकडचा अर्धा भाग मोकळा ठेवला.

धान चुरायला, म्हणजे मळणीला निघालेल्या बाया थांबायच्या. एकीचं म्हणणं, विहिरीला रहाट पाहिजे, आणि तो न कुरकुरणारा. दुसरी म्हणाली, खिडकी इतकी खाली करा की चुलीपाशी बसूनही रस्ता दिसेल. एका म्हातारीने स्वयंपाकघरात बाजच मागितली. "सैपाक झाल्यावर तिथंच पडाले." मी बाज काढली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "लांब करा थोडी. पाय पसरू द्या रानीले."

मी त्या दिवशी जेवले नाही. राग म्हणून नाही, विसरले. गुडघे सोलले, साडीला निळीचे डाग पडले, दुपारच्या उन्हात पाठ भाजली, आणि मी चुलीतला जाळ पिवळा ठेवावा की केशरी, एवढ्याच प्रश्नात बुडून गेले होते. कमल डबा घेऊन आली तेव्हा मी गुणगुणत होते, असं तिने नंतर सांगितलं.

पडदा वाळला आणि मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी तो बांबूंवर चढवून पाहिला. गाव जमलं. तुळशीरामभाऊ आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? राजवाड्यात चूल?"

"स्वयंपाकघर आहे," मी म्हणाले.

"लोक हासतीन. पाहुने येऊन राहिले तालुक्याचे. पुसा ते. पांढरा रंग मारा, वरतं खांब काढा."

पुसा. लहान करा. उजळ करा. आजवर मी प्रत्येक वेळी "बरं" म्हणाले होते. त्या दिवशी म्हणाले नाही.

"भाऊ, पडदा तुमच्या मंडळाचा आहे. पुसायचा तर पुसा. पण माझा हात त्याला लागणार नाही, आणि तो पुसला तर मी इथून आत्ताच निघते."

"बाईमानूस हाये, पाहुनी हाये, म्हनून आयकून घेऊन राहिलो."

"नका घेऊ ऐकून!"

माझा आवाज इतका चढला की मलाच दचकायला झालं. तुळशीरामभाऊंनी चुन्याची बादली आणायला एकाला पिटाळलं. त्या भागात रंगमंच मातीचा असतो: समोर प्रेक्षकांना बसायला खड्डा खणतात आणि त्याच मातीचा ओटा करतात. तो ओटा त्या वेळी बाया सारवत होत्या. मावशी त्यांच्यातच होत्या. शेणाने भरलेले हात तसेच घेऊन त्या उठल्या.

"तुळशीराम, तो चुना तिकडं लागला का हे सारवन आमी इथंच सोडतो. अर्धा ओटा झाला हाये. उरला तुमी सारवा."

"मावशी, तुमाले नाटकातलं काय समजते?"

"सारवनातलं समजते ना. तुमाले समजते का?"

एकेक करत सगळ्या बाया उठल्या आणि पडद्यासमोर जाऊन बसल्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी भांडलं नाही. नुसत्या बसल्या आणि आपसात बोलायला लागल्या. बादली आली, तशीच ठेवली गेली. ओटा ओला-कोरडा अर्धवट पडून होता, ऊन उतरत चाललं होतं, आणि मंडळातले पुरुष एकमेकांकडे पाहत होते. शेवटी तुळशीरामभाऊ म्हणाले, "राहू द्या मंग. हासले तं मले बोलू नोका."

आम्ही जिंकलो असं वाटतंय ना? मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलबंडीवर भोंगा लावून गावभर दवंडी निघाली. नाटकाचं नाव, नटांची नावं, आणि मग: "भव्य राजवाड्याचा पडदा, सुप्रसिद्ध पेंटर..." पुढे नाव त्या पळून गेलेल्या माणसाचं! मी अंगणात दात घासत होते. तशीच उठले, शाळेतून काजळीचा डबा आणि ब्रश घेतला आणि थेट रंगमंचावर गेले. तुळशीरामभाऊ तिथे दिवे लावून घेत होते.

"त्याचं नाव छापून गेलं होतं मॅडम, लोकं नावावर येतेत," ते म्हणाले.

मी ब्रश काजळीत बुडवला. पडद्याच्या खालच्या कडेला, शेवटच्या रांगेतूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत माझं नाव घातलं. मग कमलला हाका मारून त्या बायांची नावं विचारली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, विहिरीपासून बाजेपर्यंत, सगळी लिहून काढली. त्यातल्या बऱ्याच जणींना ती वाचता येत नव्हती. मग कमलने बोट ठेवून एकेकीला दाखवली. मावशी आपल्या नावापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

रात्री नाटकात राजा तलवार घेऊन आला, प्रेक्षकांकडे पाठ करून क्षणभर त्या चुलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "महारानी, आज भाजी कायची हाये?" हे वाक्य नाटकात नव्हतं. खड्ड्यात बसलेलं अख्खं गाव हसलं, पण ते हसणं तुळशीरामभाऊंना वाटलं होतं तसलं नव्हतं. बाया तर टाळ्या वाजवत होत्या.

आणि सकाळी चहाच्या वेळी, तालुक्याच्या पाहुण्यांना तुळशीरामभाऊ काय सांगत होते? "आमीच म्हटलं मॅडमले, राजवाड्यात सैपाकघर पायजे." मी कपबशी इतक्या जोरात ठेवली की बशीला चीर गेली. राग विरून जातो म्हणतात. माझा विरला नाही, आणि विरावा असं मला वाटतही नाही.

परतीच्या गाडीत मावशींनी बांधून दिलेले लाखोरीचे वडे खाल्ले आणि तिकिटाच्या मागे, आलूबोंड्याच्या कागदावर, मिळेल तिथे रेघा ओढत नागपूरला पोचले. मुख्याध्यापकांना सांगितलं की साहेबांचं नाक आहे तसंच राहील. त्यांनी ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं आणि मला वर्षभर वर्गांतले फळे पुसण्याच्या देखरेखीवर लावलं. त्यानंतरचे कितीतरी हिवाळे मी त्या जिल्ह्यात पडदे रंगवले. कधी मोहाडीकडे, कधी पवनीकडे. प्रत्येक गावात आधी बायांना विचारायचं, मग रंग कालवायचा. त्यातला एकही पडदा आज शिल्लक नाही. पावसाने, उंदरांनी, घड्यांनी खाल्ले. कोणी जपले नाहीत, जपावेत असं कोणाला वाटलं नाही. त्यामुळे "कुठे पाहायला मिळतील?" असं विचारू नका. हिवाळ्यात जा, नाटक पाहा, आणि पडदा कोणी रंगवला ते विचारा. मोठ्याने विचारा.

त्या पहिल्या खेपेला आसगावहून आल्यावर मी कॉलेजनंतर पहिल्यांदा स्वतःसाठी चित्र काढलं: मातीचा ओटा सारवणाऱ्या बाया, कोपरापर्यंत शेणाचे हात. नागपूरच्या एका प्रदर्शनाला पाठवलं. परत आलं. सोबत एका ओळीचा शेरा होता की विषय सौंदर्याला धरून नाही. मी तो कागद फाडला, चित्र पुढच्या खोलीत, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं टांगलं, आणि रागारागाने नवा कागद फळीवर ताणायला घेतला. पहिली पिन टोचताना लक्षात आलं, मी गुणगुणते आहे.