करुणाच्या व्हॅनचे लाल दिवे

करुणाचा नवरा प्रकाश विहिरीच्या पायऱ्यांवरून पडला, त्याचा गुडघा कायमचा आखडला आणि क्लच दाबणं संपलं. त्याची जुनी व्हॅन रामाकोना गावातल्या घरासमोर तशीच उभी राहिली. टायरमधली हवा गेली, सीटखाली मांजर व्याली. धाकटा भाऊ नितीन म्हणाला, "वयनी, भंगारात देऊन टाका. आता चालवणार कोण?"

"मी," करुणा म्हणाली.

नितीन हसला. प्रकाश मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो काठी घेऊन शेजारच्या सीटवर बसू लागला. शिकवताना ओरडायचा, चिडायचा. एकदा ती व्हॅन घेऊन सरळ शेणाच्या ढिगात घुसली, तेव्हा सारा मोहल्ला जमला. करुणाने खाली उतरून चाकं धुतली आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा स्टेअरिंगवर बसली. पुढे लायसन काढलं, आणि बोरगावच्या कारखान्यात जाणाऱ्या गावातल्या बाया रोज तिच्याच व्हॅनमधून जाऊ-येऊ लागल्या.

तिच्याआधी या बायांना मोरेश्वर आपल्या जीपमधून न्यायचा. कोंबून बसवायचा, उशीर झाला तर एखादीला रस्त्यावरच सोडून निघून जायचा. सवारी गेली याचा राग त्याच्या मनात होताच. फक्त त्याला बोलायला काही सापडत नव्हतं.

हिवाळ्यात ते सापडलं. व्हॅनचे मागचे ब्रेक लाइट लागले ते विझेचनात. गाडी धावत असो की उभी, चावी काढलेली असो, मागे आपले दोन लाल दिवे. सकाळी बॅटरी उतरलेली, मग बायांनीच धक्का मारायचा. करुणा घरी आली की बॅटरीची वायर काढून ठेवू लागली. पण रस्त्यावर काय करणार? ती खरोखर कधी थांबते आहे, हे मागच्याला कळायला मार्गच नव्हता. एका वळणावर मागून येणारा ट्रक अगदी टेकता टेकता राहिला.

मोरेश्वरने नाक्यावर सांगायला सुरुवात केली, "बाईमाणूस हाय ना, भेव लागते. पूरा टाइम ब्रेकवर पाय ठेवूनच चालवते. घासून घासून एक दिवस ब्रेकच जाईन, मंग समजन." ऐकून दोघीजणी जीपमध्ये जाऊन बसल्या. घरी नितीननेही तोच सूर लावला. कारखान्याच्या सुपरवायझरचा निरोप आला की एखादा पुरुष ड्रायव्हर ठेवा.

हा निरोप करुणाच्या फार जिव्हारी लागला. गाडी बिघडली तर बिघडली, पण बिघाड तिच्या पायात आहे असं कुणी म्हणावं?

दुसऱ्या सकाळी नाक्यावर जीप उभी होती. करुणाने व्हॅन बरोबर तिच्यासमोर लावली, चावी काढली आणि खाली उतरली.

"मोरेश्वरभाऊ, या इकडे. मागं पाहा. लाइट लागून हाय का?"

"लागून हाय."

"आन् माहे पाय कुठं हायेत?"

चहा पिणारे लोक वळून बघू लागले.

"सांगा ना! मी बाहेर उभी हाय. भेवानं ब्रेक कोण दाबून राहिलं, सीट?"

रोज कारखान्यात जाणारी वच्छलामावशी व्हॅनच्या खिडकीतून खदखदून हसली. मोरेश्वर पुटपुटला, "मंग वायरिंग जळन एक दिवस."

त्या दिवशी बायांना कारखान्यात सोडून करुणा थेट सौंसरला विनायक मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. तो हातातल्या कामावरून न उठताच म्हणाला, "वायरिंग पुरी बदलावी लागन. गाडी ठेवून जा चार-आठ दिवस. आन् प्रकाशभाऊले पाठवा, त्याईच्याशी बोलतो."

"गाडी मी चालवून राहिली. माह्याशीच बोला. आन् गाडी ठेवून मी जात नाही. संध्याकाळी बाया काय पायी येतीन? मले टॉर्च द्या फक्त."

"टॉर्च काहून?"

"पाहाले."

त्याने टॉर्च दिला. करुणाने पदर खोचला आणि सीटवर आडवी होऊन डोकं पेडलपाशी घातलं. प्रकाशने एकदा सांगितलं होतं की पेडलच्या वर एक स्विच असतो. पाय उचलला की पेडलची दांडी त्याचं बटण दाबून धरते आणि दिवे विझतात. तिने स्विच शोधला आणि त्याचं बटण बोटाने दाबलं.

"मागं पाहा बरं, मिस्त्री!"

"विझला!" विनायक आता उठून उभा राहिला होता.

बोट काढलं, पुन्हा लागला. म्हणजे वायरिंग ठीक, स्विचही ठीक. मग दांडी बटण का दाबत नाही? तिने टॉर्च आणखी जवळ नेला. दांडीला एक भोक होतं आणि स्विचचं बटण नेमकं त्या भोकातून आरपार जात होतं. खाली पायपुसण्यावर पिवळट चुरा पडला होता. त्या भोकात बसणारी रबराची गुंडी वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होऊन फुटली होती. एवढीशी गुंडी, आणि तिच्यापायी गावभर करुणाच्या पायाची चर्चा.

विनायक मिस्त्रीने वाकून पाहिलं. "अरे हो बाप्पा," तो म्हणाला आणि स्वतःच डब्यात हात घालून चपट्या डोक्याचा छोटा बोल्ट आणि नट काढून आणला. "तात्पुरता हा कसून घ्या. गुंडी पांढुर्ण्याले भेटन." बोल्ट करुणानेच बसवला. पेडल दाबलं की दिवे लागत होते, सोडलं की विझत होते. तिने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. विनायक मागे उभा राहून प्रत्येक वेळी "लागला, विझला" सांगत राहिला.

रविवारी ती पांढुर्ण्याला जाऊन खरी गुंडी घेऊन आली. सुपरवायझरला तिने गेटवरच उत्तर दिलं, "ड्रायव्हर मीच हावो. बाया टायमावर आल्या नाही तर बोला."

जीपमध्ये गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी नाही आली; तिच्यासाठी करुणा थांबलीही नाही. मोरेश्वर अजून नाक्यावर बोलतो. आता म्हणतो, बाई लय जोरात चालवते.

वच्छलामावशीने हे तिच्या कानावर घातलं तेव्हा करुणा गिअर टाकत म्हणाली, "बोलू दे. मागं राहून दुसरं करन काय तो?"