मामांना दात आले

माझा मामा कुत्रा कसा झाला, ते माझ्याच तोंडून ऐका. चौलात दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि खरं म्हणजे या गोष्टीला वरून मीठ लागत नाही. चहा घ्या, सांगतो.

तेव्हा मी चौलच्या शाळेत मास्तर होतो. एका संध्याकाळी रेवदंड्याच्या बंदरावर फिरायला गेलो, तर ओल्या वाळूत एक म्हातारा कुत्रा पडलेला. केस म्हणाल तर कानांवर होते तेवढेच. भरतीचं पाणी पायाला लागत होतं, पण त्याला उठवत नव्हतं.

हिराबाय कोळीण रिकामी पाटी घेऊन घरी चालली होती. ती थांबली. "गुरुजी, बघता काय? घरी न्या त्याला. न्हायतर दर्या न्हेल."

उपरण्यात गुंडाळून आणला. आमच्या मंडळींनी एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आणलात ना? मग आता बरा करा. अर्धवट काम मला चालत नाही."

बरा करायचा म्हणजे औषध हवं, आणि औषध म्हणजे दाजीवैद्य. हाताला गुण मोठा, पण स्वभाव म्हणजे हिरवी मिरची. मागे एकजण बैलाच्या खांद्याला लेप मागायला गेला, तर दाजींनी त्याच्यामागे खलातला बत्ता फेकला होता. "मी माणसांचा वैद्य आहे, जनावरांचा नाही," हे वाक्य त्या दिवशी पार बाजारापर्यंत ऐकू गेलं.

आता मला सांगा, अशा माणसापुढे मी काय बोलणार?

"रोगी कोण?" दाजींनी विचारलं.

"मामा," मी म्हणालो. कसं सुचलं, देव जाणे.

"पेणचे बापूराव? नाव ऐकून आहे. काय होतंय?"

"खरूज. केस गेलेत."

"डोक्याचे?"

"सगळ्या अंगाचे. पाठीचे, पोटाचे, शे..." शेपटी घशात अडकली. "शेवटी सगळेच."

"दात?"

"चार राहिलेत."

"खाणं?"

"भात कालवून पुढे ठेवला की चाटतात."

"चाटतात?"

"हात उचलत नाही हो त्यांचा."

"झोप?"

"दिवसभर. ओटीच्या कोपऱ्यात, अंगाचं वेटोळं करून."

"आणि परसाकडे कोण नेतं?"

"मीच. माडाच्या बुंध्याशी."

दाजींनी चष्मा काढून पुसला. "अरेरे, पेणच्या बापूरावांवर ही वेळ यावी! मी येतो नाडी बघायला."

"नको, नको. अनोळखी माणूस दिसला की गुरगुरतात."

"पित्त," दाजी म्हणाले, आणि तसं वहीत लिहिलंदेखील.

करंजाच्या तेलात गंधक घालून त्यांनी बाटली भरून दिली. अंगाला चोळायचं, उन्हात बसवायचं आणि खाजवू द्यायचं नाही. "हे आठ दिवसांचं. गुण यायला अजून आठ दिवस लावावं लागेल. पण पुढची बाटली रोगी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मिळणार नाही."

तेल लागू पडलं. चौथ्या दिवशी कुत्रा उठून बसला, सहाव्या दिवशी मला बघून शेपूट हलवली. मी मास्तर माणूस, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. इकडे बातमी गावभर झाली होती. लोक शहाळी घेऊन मामांच्या समाचाराला यायला लागले. मंडळी दारातच उभ्या राहायच्या. "आत्ताच डोळा लागलाय."

एकदा नेमका तेव्हाच आतून कुत्रा भुंकला.

"मामांना खोकला पण आहे वाटतं?" शेजारीण म्हणाली.

"जुना आहे," मंडळी म्हणाल्या. बाईमाणसाची हुशारी म्हणतात ती ही.

आठव्या दिवशी बाटलीच्या तळाशी बोटभर तेल उरलं. आता रोगी दाखवायचा कसा, या विचारात मी ओटीवर बसलो होतो, तोच हिराबाय धापा टाकत आली. "गुरुजी, चला बिगीनं. वैद्याकडं तुमचा मामा आलाय, आणि त्याला दात आलं हाय!"

झालं होतं असं, की दाजींनी माझ्या मामीला भलेपणानं एक कार्ड टाकलं होतं. ते वाचून खरे मामा धरमतरची खाडी ओलांडून, नव्या सर्व्हिस मोटारीनं धुळीत न्हाऊन, थेट दाजींच्या अंगणात उभे ठाकले होते. "मीच तो बापूराव," असं त्यांनी ओरडून सांगितलं. तोंड उघडलेलं बघून दाजींनी आधी दात मोजले. बत्तीस. आठ दिवसांत चाराचे बत्तीस, म्हणजे तेलाचाच गुण, अशी हाकाटी गावभर झाली.

मी पोचलो तेव्हा मामा खुर्चीत कोंबलेले होते. चौलातले झाडून सगळे बोळके म्हातारे-म्हाताऱ्या त्यांच्या तोंडात वाकून बघत होते. डोक्यावरचे दाट केसही ओढून पाहून झाले होते. मामांना बोलायला तोंड मिटू देतील तर ना! चुलीवर कढईभर करंजेल चढलं होतं, आणि पहिली आजी हिरडीला लावायला बोट पुढे करून बसली होती.

गंधक आणि तेही आजीच्या हिरडीला!

"थांबा," मी म्हणालो. "मामा दुसरे आहेत."

मग घरी जाऊन खऱ्या रोग्याला दोरीला धरून आणलं. सगळे मामांना सोडून कुत्र्याकडे वळले. मामांनी तेवढ्यात तोंड मिटून घेतलं आणि खिशातून कार्ड काढून खणखणीत वाचलं, "'आपले यजमान माडाच्या बुंध्याशी...' अरे गाढवा, हे आधी पोस्टमास्तरनं वाचलं, मग आळीनं, मग तुझ्या मामीनं. मी तिच्यासमोर जेवत होतो!"

दाजी उठले. मी बत्ता चुकवायला खाली वाकलो. पण ते कुत्र्याजवळ उकिडवे बसले, त्याचं तोंड उघडलं, पाठीवरून हात फिरवला.

"दात चार. लक्षणं खरी सांगितली होतीस," ते म्हणाले. "केस यायला लागलेत." आणि त्यांनी दुसरी बाटली भरली.

"दाजी, पण तुम्ही जनावरांना..."

"मी कुठे जनावराला देतोय? माझ्या वहीत 'मास्तरांचे मामा' असं लिहिलंय. माझी वही खोटी पडत नाही."

दुसऱ्या दिवशी मामा पेणला निघाले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पायरी उतरताना कुत्र्यापुढे मात्र थांबले आणि हात जोडून म्हणाले, "मामासाहेब, भाच्याला सांभाळा. तो अजून लहान आहे."

कुत्रा पुढे तीन वर्षं गुटगुटीत जगला. रस्त्यानं निघाला की लोक "मामा, बरं आहे ना?" म्हणून विचारायचे. दाजीवैद्यसुद्धा. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली, निम्म्या चौलाला बाराखडी शिकवली. पण आजही नाक्यावर माझं नाव घेऊन घर विचारा, लोक डोकं खाजवतील आणि मग म्हणतील, "हां, म्हणजे तो कुत्र्याचा भाचा ना? सरळ जा, उजव्या हाताला."