आधी पाहुण्यांचे ताट

डंकन गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा दुबईत, अल क्वोजच्या आमच्या केटरिंगच्या किचनमध्ये दुपारचे डबे भरत होते. फोन मोहम्मद बिन झायद सिटीतल्या शाळेतून होता. त्यांचा रग्बी कोच सुट्टीला स्कॉटलंडला, आपल्या गावी गेला होता. तिथे झोपेतच गेला. बाबांनी गॅस बंद केला, मला ऑफिसात फोन लावला आणि एवढेच म्हणाले, "आपला कोच गेला गं..." 'आपला' हा शब्द बाबा फक्त गावाकडच्या माणसांना लावतात.

त्याला आता काही आठवडे झाले. मध्यंतरी त्याच्यावर इंग्रजीत चार ओळी छापून आल्या. स्कॉटलंडकडून एकदा खेळला, मानेच्या दुखापतीने खेळ सुटला, मग आखातात कोच झाला. सगळे खरे आहे, पण एवढ्यात माणूस मावत नाही. त्या एकमेव सामन्याबद्दल विचारले की तो म्हणायचा, "शेवटची काही मिनिटे बदली म्हणून उतरलो. पण बाकाजवळ उभा राहून राष्ट्रगीत मीच सगळ्यांत मोठ्याने म्हटले." त्याची आई लोकरीच्या गिरणीत कामाला होती. माझे आजोबा सोलापूरच्या गिरणीत होते, संपाची पत्रके लिहायचे. दुबईत वाढताना मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. हे सांगितले तेव्हा त्याने टाळीसाठी हात पुढे केला. "म्हणजे आपण दोघे एकाच भोंग्यावर उठणाऱ्या घरांतले!"

तेव्हा तो दुबईच्या एका क्लबात कोच होता आणि सामन्यांनंतरचे जेवण आमचे असायचे. मला जड पातेली उचलताना पाहून त्याने विचारले, "खेळणार का?" बाबा घाबरले. "कोच, मुलीचे दात पडतील हो!" डंकनने ओठ वर करून स्वतःची फट दाखवली. "माझे दोनच पडले. जेवण व्यवस्थित जाते." मी खेळू लागले. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागच्यालाच द्यावा लागतो. म्हणून तो आम्हाला आधी ओरडायला शिकवायचा... पुढे धावणाऱ्याला कळले पाहिजे की मागे कुणीतरी आहे. ओरडणे मला आधीपासूनच येत होते. बाकीचे त्याने शिकवले.

पण मी त्याची ऋणी आहे ती एका दुपारसाठी. खोर फक्कान बंदरातल्या कामगारांचा संघ आमच्या पुरुष संघाशी खेळायला आला होता, बहुतेक श्रीलंका आणि केनियाचे लोक. त्यांनी आमच्या संघाला चांगलेच लोळवले. रग्बीत रीत अशी की सामना संपला की दोन्ही संघ एकत्र जेवतात आणि पहिले ताट पाहुण्यांचे. बाबांनी टेबल लावले होते, तेवढ्यात क्लबचा मॅनेजर आला. "क्लबहाऊस मेंबर्ससाठी आहे. या लोकांना पार्सल द्या, बसमध्ये खातील." बाबा हातात डाव घेऊन उभेच राहिले. माझा भडका उडाला. "बाबा, धिस इज रॉंग! वाढा ना त्यांना!"

"तू गप गं जरा," बाबा पुटपुटले.

डंकनने मला बाजूला घेतले. "बाबांवर ओरडू नकोस. त्यांचे काम गेले तर तुझी फी जाईल, किचनमधल्या लोकांची नोकरी जाईल, म्हणजे व्हिसाही. माझ्यामागे मी एकटाच आहे." मग त्याने टेबलाचे एक टोक धरले आणि आमच्या खेळाडूंना म्हणाला, "यल्ला, उचला." टेबल क्लबहाऊसमधून निघाले ते थेट मैदानाच्या मध्यावर. मॅनेजर मागोमाग गेला. "तुझे कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतेय, लक्षात आहे ना?"

"आहे. आणि केटररला मीच सांगितलेय. त्याला काही विचारू नका."

हे धादांत खोटे होते. त्याने बाबांना अवाक्षर सांगितले नव्हते. पाहुण्यांचा कप्तान बिचकून उभा होता. डंकनने त्याच्या हातात ताट दिले. "आम्हाला हरवलेत, आता उपाशी तरी मारू नका, हबीबी. तुम्ही सुरू केल्याशिवाय आमच्यातल्या कुणालाही घास मिळणार नाही." तेव्हा कुठे सगळे हसले.

बाबांचे काम टिकले. डंकनचे कॉन्ट्रॅक्ट संपले. इथे नोकरी गेली की मुक्कामही जातो. नवे काम शोधताना त्याच्या बॅगा भरलेल्या असायच्या आणि बाबा रोज त्याला डबा पोचवायचे. पैसे देऊ केले की म्हणायचे, "खलास, विषय बंद." शेवटी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्या शाळेत काम मिळाले. पगार कमी, मैदान लहान... तिथे तो अखेरपर्यंत रमला. मी त्याला म्हणाले होते की तू निषेध लिहायला हवा होतास. तो म्हणाला, "लिहायचे काम तुझे. मला टेबल उचलता येते." पत्रकांवर वाढलेल्या मला हे कुणीतरी सांगायला हवेच होते, की तत्त्वासाठी लढताना किंमत आधी स्वतःच्या खिशातून काढायची.

परवा अल क्वोजमध्येच एका कंपनीच्या गोदामात आमची ऑर्डर होती. पाहुणे ज्या बसगाड्यांतून आले त्यांचे ड्रायव्हर बाहेर उन्हात उभे होते. मी हात धुवून वाढायला आले तेव्हा यजमान साहेब बाबांना सांगत होता, "ड्रायव्हर लोगों को बाद में पार्सल दे देना." गिऱ्हाइकाला आयुष्यात कधी उलट न बोललेल्या माझ्या बाबांनी पुलावाच्या पातेल्यावर झाकण ठेवले आणि त्यावर हात ठेवला.

"पहले वो लोग आएगा, साब. बाद में खोलेगा."

साहेब हसला. बाबा हसले नाहीत. साहेबाने माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि मग स्वतःच दारापर्यंत जाऊन ड्रायव्हरांना हाक मारली. ते आत येऊन रांगेत उभे राहीपर्यंत बाबांनी हात काढला नाही. काढला तेव्हा तळवा वाफेने लाल झाला होता.

"भाजलं का, बाबा?"

"नाही गं," ते म्हणाले. "ताटं घे."