तालुक्याचा एकच नकाशा

खाडीकाठच्या त्या शाळेबद्दल मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. बायको विचारी, "तुमची पहिली नेमणूक कुठली हो?" मी म्हणे, "कल्याणकडची." तेवढ्यावर विषय मिटे. आता ठाण्यात लोक मला वाकून नमस्कार करतात आणि मला त्या नमस्काराची किळस येते. म्हणून लिहितो.

डोंबिवली तेव्हा खेडेच होते. त्याच्याही पलीकडे, खाडीला लागून, मिठागरात राबणाऱ्यांची वस्ती होती. शाळा म्हणजे मातीच्या चार भिंती. छप्पर मागल्या पावसाळ्यातच कोसळलेले. एक तडकलेला फळा, थोडे धूळपाट, आणि मी. सरकारी साऱ्याबरोबर शाळेची पट्टीही ही माणसे मुकाट भरीत. ती पट्टी तालुक्याला जाई, आणि तिथल्या मोठ्या शाळेवर नवी कौले चढत.

मिठागराचा मुकादम वयाने माझ्या वडिलांएवढा. त्याचे दोन नातू शाळेत होते. थंडी सरता सरता तो आला. म्हणाला, "मास्तर, पेंढा हाय, मानसां हायेत. शाला शाकारून देतों."

मी शहाणा! म्हटले, "अहो, थांबा. तुम्ही शाकारलीत तर सरकार म्हणेल, झालं काम. शाळाखात्याचे डिपुटीसाहेब तपासणीला येणार आहेत. त्यांना उघडं आभाळ दिसू द्या, कौलंच मिळतील."

शिकलेल्या माणसाचा शब्द. त्याने पेंढा तसाच रचून ठेवला.

आता आमच्या तालुक्याची रीत सांगतो. धड असा नकाशा सबंध तालुक्यात एकच होता. पृथ्वीचा गोल एक, हातांची खुर्ची एक. तिन्ही कल्याणच्या शाळेची. डिपुटी फिरतीवर निघाले की त्यांच्या पुढे पुढे हे सामान गावोगाव फिरे. आम्ही मास्तर लोक त्याला 'वऱ्हाड' म्हणत असू आणि नकाशाला 'नवरदेव'. "काय हो, नवरदेव पोचले का?" असे एकमेकांना विचारून दात काढायचो. साधने दिसली नाहीत तर शेरा वाईट, आणि शेरा वाईट तर मास्तराची बदली आणखी लांबच्या चिखलात. कल्याणच्या मोठ्या मास्तरांनी मला बजावले होते, "तुमच्या एका शाळेपायी सगळ्या तालुक्याचं नाक कापू नका."

वऱ्हाड आणायला मुकादमच भरतीवर होडी घेऊन गेला. नकाशा भिजू नये म्हणून त्याने डोक्याचे पागोटे सोडून त्यात गुंडाळला होता. उन्हात बोडक्याने उभा राहून त्याने विचारले, "आमच्या पोरांसाठी धाडला?"

मी म्हणालो, "हो."

"मंग छप्पर पन येल," तो हसून म्हणाला.

पोरे नकाशाभोवती जमली. त्यांतल्या एकाने समुद्राच्या निळ्या रंगावर बोट ठेवले, तशी मी त्याच्या हातावर छडी मारली. डाग पडला असता तर पुढच्या गावात काय लटकवणार? ते पोर रडले नाही, नुसते बोट तोंडात घालून बघत राहिले.

डिपुटीसाहेब आले ते ओहोटीला. होडीपासून काठापर्यंत गुडघाभर चिखल, म्हणून चौघांनी त्यांना खांद्यावर आणले. खांद्यावरूनच त्यांनी विड्याची पिंक टाकली. ती एकाच्या दंडावर उडाली. आम्ही पाहिले नाही असे केले.

खुर्चीत बसून त्यांनी नकाशाकडे पाहिले. नागपुराजवळ एक तांबूस डाग होता. त्यावर काठी टेकवून ते म्हणाले, "हा डाग माझा हो! गेल्या साली भिवंडीकडच्या शाळेत माझ्याच तोंडून उडाला." आणि खो खो हसले. त्यांचा कारकून हसला. मीही हसलो.

म्हणजे त्यांना माहीत होते! सगळ्यांनाच माहीत होते. ते हसू अजून माझ्या तोंडात आंबते.

मग त्यांनी मान वर केली. फाल्गुनातले कोरडे, निळे आभाळ. "वा, हवा छान खेळते इथं. काही मागणी?"

मुकादम दाराशी हात जोडून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मला ठाण्याची बदली हवी होती. छप्पर मागावे तर सामान उसने आहे हेही बोलावे लागले असते, आणि नवरदेवाची वरात तिथेच मोडली असती.

"काही नाही, रावसाहेब. आपली कृपा आहे."

"सायेब, शालंचा छप्पर..." मुकादम पुढे झाला.

"गप रे," मी त्याच्यावर खेकसलो. "साहेब बोलतायत ना?"

वडिलांच्या वयाच्या माणसाला, त्याच्या नातवंडांसमोर.

शेरा पडला: इमारत हवेशीर, साधने पुरेशी. मुकादमाने विचारले, "काय लिवला?" मी म्हटले, "चांगलं लिहिलंय." लगोलग नकाशा गुंडाळून त्याच्याच हाती दिला आणि पुढच्या गावाचे नाव सांगितले. आमची थट्टा त्याच्याही कानावर गेली असावी.

"म्हंजे नवरा दुसऱ्या मांडवात चालला," तो म्हणाला. या वेळी पागोटे त्याने सोडले नाही.

पुरेशी साधने असलेल्या हवेशीर शाळेला कौले कोण देतो? पेंढा वैशाखात गुरांनी खाल्ला. पावसाने शाळा बंद पडली ती पडलीच. पोरे मिठागरात गेली. मला ठाणे मिळाले.

दिवाळीनंतर माझी राहिलेली ट्रंक आणायला गेलो. भिंती लिंपलेल्या, वर नवा पेंढा, दाट, सुबक शाकारलेला. आत दोन होड्या उपड्या घातलेल्या आणि जाळी टांगलेली. मासळीचा वास. फळ्याची फळी एका होडीखाली टेकण म्हणून दिली होती.

मुकादम जाळे विणत बसला होता. तो उठला नाही, रागावलाही नाही. बाजूची जागा हाताने झाडून म्हणाला,

"बसा मास्तर. आता सावली हाय."

मी ट्रंक उचलली आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.